तांदळातलं नाव

"नाव सांगा, आजी."

"कुणाचं? माझं, की ज्यांना मी जड झाले त्यांचं?"

टेबलापलीकडच्या हुंडेकरबाई हसल्या नाहीत. चष्मा नाकावर वर ढकलला आणि पेन तसंच धरून बसल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा भाचा विलास अंग चोरून बसला होता. त्याला मीच सोलापूरहून बोलावून घेतलं होतं, कारण वृद्धाश्रमात माणूस ठेवायचं तर मागं जामीन लागतो म्हणे. आयुष्यभर बार्शीच्या पेठेत बांगड्यांचं दुकान एकटीनं चालवलं, कुणाला जामीन मागितला नाही आणि कुणाला राहिले नाही. म्हातारपणी तेही झालं.

"तुमचं लिहून झालं," बाई म्हणाल्या. "गयाबाई कोळपकर, वय अडुसष्ट. आता भेटायला कोण येईल ते सांगा. आणि बाहेर न्यायचं झालं तर कुणाबरोबर सोडायचं?"

"सोडायला मी काय शेरडू आहे?"

"नियम आहे आजी. मागं एका आजींना पुतण्या देवदर्शनाला म्हणून घेऊन गेला. दर्शन राहिलं बाजूला, कागदावर अंगठा घेतला आणि संध्याकाळी आणून सोडलं. तेव्हापासून ज्याचं नाव इथं लिहिलेलं त्यालाच आत सोडतो. फाटकावर ओळखपत्र बघतात."

"मग एकच लिहा. रेणुका मुकुंद कोळपकर. सून."

विलास पुढं झुकला. "आत्या, वहिनींचं कागदावरचं नाव वेगळं आहे ना?"

"आमच्या घरात तिला एकच नाव आहे."

"अगं, पण फाटकावर जर कार्ड बघणार असतील—"

"विलास, तू जामीन राहायला आलायस. तेवढा राहा."

तो खुर्चीत मागं टेकला. माझ्या माहेरची माणसं लवकर गप्प होतात, मी एकटीच तशी निपजले नाही. हुंडेकरबाईंनी लिहिलं, कागद माझ्याकडं फिरवला आणि शाईचा पॅड पुढं केला. तो मी मागं सारला. शाळा दुसरीपर्यंतच झाली असेल, पण "गयाबाई" ही चार अक्षरं मी दुकानाच्या पाटीवरून गिरवून शिकले होते. सही केली. "ई"ची शेपटी जरा लांब गेली.

"किती दिवस राहणार?" बाईंनी विचारलं.

"महिना, फार तर दीड. सून न्यायला येईल."

हे अठरावं वर्ष चालू आहे.

*

लग्नात नवरीचं नाव बदलतात, ते काही सांगायला नको. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. मुकुंदाच्या लग्नात ताट मी स्वतः पुढं ठेवलं आणि त्याला सांगितलं, "लिही, रेणुका." त्यानं लिहिलं. पोरगी खाली मान घालून तांदळाकडं बघत होती. सव्वीस वर्षांची, पाटबंधारे खात्यात कारकून. हळूच त्याला म्हणाली, "घरात काय हवं ते म्हणा. पण कागदावर माझंच राहू द्या. नोकरी त्या नावानं लागलीय."

हळूच म्हणाली, तरी मला ऐकू आलं. दुकानात चार बायकांच्या गलक्यात पाचवीची कुजबुज ऐकू यावी लागते, नाही तर उधारी बुडते.

मुकुंदानं मान डोलावली. तांदळात एक आणि कागदावर एक अशी दोन नावं घेऊन सून घरात आली. माझ्यासाठी ती रेणुका. गल्लीला मी तेच शिकवलं, पाहुण्यांना तेच. तिनंही कधी कुरकुर केली नाही. "रेणुका" म्हटलं की "आले आई" म्हणायची. मुकुंदा मात्र खोलीचं दार लोटलं की तिला उज्ज्वला म्हणायचा. मी काही भिंतीला कान लावत नव्हते, आमच्या भिंतीच पातळ.

मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. एकदा मी बोलून गेले, "तांदळातलं नाव मनात रुजलं नाही, मग पोटात काय रुजणार?" ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. पोळी मात्र चौकोनी झाली. बोलले ते बोलले, आता खोटं कशाला सांगू.

मग मुकुंदा गेला. किडन्यांचं दुखणं, आठ महिन्यांत संपला. तेव्हा बायका तिच्या बांगड्या वाढवायला पुढं आल्या. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी आडवी झाले. "कासाराच्या घरात हात रिकामे राहत नाहीत," म्हटलं, आणि तेराव्या दिवशी सगळ्यांसमोर तिला हिरव्या सोडून निळ्या बांगड्या भरल्या. तिनं मूठ आवळून धरली होती. "सैल सोड," म्हटलं, "नाही तर काच लागेल." तिनं सोडला. लोक बोलले. लोकांचं काय, त्यांना तोंड दिलंय तर बोलणारच.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघी. सकाळी ती कचेरीत, मी दुकानात. संध्याकाळी एक स्वयंपाक. मग बदलीचा कागद आला.

"आई, पैठणला टाकलंय," ती म्हणाली. "क्वार्टर मिळतंय. दोन खोल्या, तळमजला आहे. जिना नाही, तुमच्या गुडघ्यांना बरं पडेल."

"दारावर पाटी कुणाची?"

"कसली पाटी?"

"सरकारी क्वार्टरला पाटी असते. उज्ज्वला रामचंद्र शेटे. तुझ्या बापाचं नाव. मी कोळपकरांची बाई त्या पाटीखालून आत-बाहेर करू?"

ती म्हणाली, "आई, पाटीखालून आत गेल्यावर आत मीच असणार ना?"

"तीच तर अडचण आहे."

"मग काय करायचं म्हणता?"

"तू जा. मी आश्रमात जाते. येरमाळ्याच्या रस्त्यावर आहे एक, चांगला आहे म्हणतात."

मला वाटलं, रडेल. पायाशी बसेल, बदली रद्द करून आणेल. साहेबाच्या हातापाया पडणं बायकांना जमतं. ती रडली नाही, बसलीही नाही. भांडी उचलता उचलता म्हणाली, "तुमच्या मनात असेल तसं."

मनात काय होतं ते कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, पण विचारायला हवं होतं की नको? दुसऱ्या आठवड्यात ती कचेरीत चार्ज द्यायला गेली असताना मी ट्रंक बांधली, विलासला बोलावलं आणि निघाले. किल्ली शेजारच्या शकुंतलेकडं दिली. "तिला सांग, मला न्यायचं असेल तर स्वतः यायचं. माणूस पाठवायचा नाही."

*

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. जोडीला रणदिवेबाई, शाळेतनं निवृत्त झालेल्या. बाई चांगली, पण बोलताना मध्येच शुद्धलेखन काढायची. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "इथल्या भाजीत मीठ टाकायचं विसरलेत वाटतं." त्या म्हणाल्या, "रक्तदाबामुळे मीठ कमी असतं." म्हटलं, "रक्तदाब त्यांना असेल, मी काय केलंय?" त्या हसल्या आणि आमचं जमलं.

खोलीसमोर लांब गॅलरी होती. तिथून खालचं फाटक दिसायचं, पलीकडं डांबरी रस्ता आणि रस्त्याच्या कडेला एसटीचा थांबा. थांबा म्हणजे एक लोखंडी पाटी आणि बसायला सिमेंटचा कट्टा. दुपारी सगळ्या म्हाताऱ्या खुर्च्या ओढून तिथं बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बोलायचं, तेवढीच करमणूक.

"तुमच्या सूनबाई येणार म्हणता ना?" जाधवकाकू विचारायच्या. त्यांच्याकडं दोन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं.

"येईल की. पाय धरत येईल. मग मी जरा आढेवेढे घेईन, आणि जाईन."

"आढेवेढे किती दिवस?"

"अर्धा तास पुरेल."

हसायच्या सगळ्या. मी ते रोज म्हणायचे, रोज त्यांना हसू यायचं.

तिचे दोन फोन आले होते. फोन खाली ऑफिसात. दोन्ही वेळेला हुंडेकरबाई जिन्याशी येऊन म्हणाल्या, "कोळपकर आजी, सूनबाईंचा फोन." दोन्ही वेळेला मी वरूनच सांगितलं, "तोंडानं बोलायचं असेल तर समोर ये म्हणावं. तारेतनं नको."

"काही निरोप?"

"हाच निरोप."

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी ती आली.

नाश्त्याचं उप्पीट झालं होतं. मी, रणदिवेबाई आणि जाधवकाकू गॅलरीत. येरमाळ्याकडून एसटी येऊन थांबली आणि तीतून ती एकटीच उतरली. फिकट आंबा रंगाची साडी, खांद्याला पर्स, हातात घडी घातलेली मोठी रिकामी पिशवी. पिशवी बघितली आणि मला कळलं. माझे कपडे न्यायला आणली होती. पोरगी वाळली होती जरा.

"हीच का?" जाधवकाकूंनी विचारलं.

"हीच." मी खुर्चीत ताठ बसले. "आता बघा."

फाटकावर इब्राहीम असायचा. पन्नाशीचा, सरळ माणूस, नियम म्हणजे नियम. त्यानं तिचं कार्ड घेतलं, वहीत बोट फिरवलं, पुन्हा कार्ड बघितलं. मग मान वर करून मला ओरडला, "आजी! या बाई आल्यात. उज्ज्वला रामचंद्र शेटे. तुमच्या कागदावर हे नाव नाही. सून आहे म्हणतात."

गॅलरीतल्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"माझ्या सुनेचं नाव रेणुका," मी वरून म्हटलं.

इब्राहीम तिच्याकडं वळला. "बाई, तुम्ही रेणुका का?"

"त्या म्हणतात मला."

"कार्डावर तर—"

"कार्डावर माझं नाव आहे."

हे ती त्याला म्हणाली, पण बघत होती माझ्याकडं. कपाळावर हात धरून, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून.

"आई, खाली या ना. यांना सांगा. मी तुम्हाला न्यायला आलेय."

हेच ऐकायला सहा आठवडे काढले होते. आता उठायचं, जिना उतरायचा, इब्राहीमला म्हणायचं, "सोड रे बाबा, सूनच आहे." एवढंच. पण मागं जाधवकाकू होत्या, रणदिवेबाई होत्या, आवाज ऐकून आतल्या आणखी दोघी-तिघी बाहेर आल्या होत्या. मी काय काय सांगून ठेवलं होतं त्यांना.

"कोण म्हणून न्यायला आलीस?" मी विचारलं. "नाव सांग मोठ्यानं. सगळ्यांना कळू दे."

"आई, सगळ्यांसमोर कशाला?"

"सगळ्यांसमोरच. कोण तू?"

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. इब्राहीमनं वही मिटली. मला वाटलं, आता म्हणेल. पंधरा वर्षं एका हाकेत ओ देणारी बाई, जाईल कुठं?

"उज्ज्वला," ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. पण फाटक काही लांब नव्हतं.

"आई, पंधरा वर्षं तुम्ही म्हणाल त्या नावाला ओ दिली. ते गेल्यावरही दिली. कधी तोंड वाकडं केलं का? आता आपण दोघीच राहिलो. मला माझ्या नावानं हाक मारणारं माणूस होतं ते गेलं. तुम्ही एकदा मारा. एकदाच. मी वर येऊन तुमची ट्रंक डोक्यावर घेऊन जाते."

"आणि नाही मारली तर?"

"तर तुम्ही तिथं येऊन राहणार कुणाकडं? तिथं रेणुका कुणी नाही आई."

जाधवकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बाई फटकळ आहे हो तुमची." रणदिवेबाई म्हणाल्या, "मारा हाक, गयाबाई. तीन अक्षरं आहेत."

माझ्या तोंडात ते नाव आलं होतं. खोटं नाही सांगत, जिभेवर आलं होतं. पण खाली ती मान वर करून उभी होती आणि वर मी, आणि मला एवढंच दिसलं की मी बोलले तर ती जिंकणार आणि या बायका ते बघणार. दुकानात गिऱ्हाईक एक भाव सांगतं, आपण एक सांगतो. जो आधी बोलतो तो उतरतो. चाळीस वर्षं मी आधी बोलले नव्हते.

"इब्राहीम," मी म्हटलं, "या बाईला मी ओळखत नाही."

तो बुचकळ्यात पडला. "आजी, नीट बघा—"

"बघितलं. कुणी तरी चुकून आलंय. जाऊ दे त्यांना."

तिनं इब्राहीमच्या हातातनं कार्ड घेतलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली. चेन अडकली होती, दोनदा मागं-पुढं करून लावली. मग रस्ता ओलांडून थांब्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर.

*

गॅलरीतल्या बायका एकेक करून आत गेल्या. कुणाला गोळ्या घ्यायच्या होत्या, कुणाला टीव्ही. जाधवकाकू जाताना म्हणाल्या, "आढेवेढे अर्धा तास म्हणाला होतात ना? मग येते मी अर्ध्या तासानं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. रणदिवेबाई तेवढ्या बसून राहिल्या.

"हाक मारा," त्या म्हणाल्या. "गाडीला वेळ आहे अजून."

"मारेल तीच."

"तिनं मारली की. आता तुमची पाळी."

"बाई, तुम्ही शाळेत शिकवत होता, घरात नाही."

"घरात शिकवता आलं असतं तर इथं कशाला आले असते?" त्या म्हणाल्या.

मी कठड्याला धरून उभी राहिले. ती तिथून दिसत होती आणि तिलाही मी दिसत असणार. दोघींच्या मध्ये एक रस्ता. एक ट्रॅक्टर गेला, उसाचं वाढं सांडत. एक म्हशीवाला गेला. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

रेणुका हे नाव मी हवेतून आणलं नव्हतं. मुकुंदाच्या आधी मला मुलगी झाली होती. सव्वातीन वर्षांची होऊन गोवरात गेली. रेणू. ती गेल्यावर घरात कुणी तिचं नाव घ्यायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं, आणि यांनीही तेच धरलं. मीही धरलं. पंचवीस वर्षं ते नाव माझ्या तोंडात आलं नाही. मग सून यायची ठरली, आणि मी म्हटलं, आता घेता येईल. दिवसातनं पन्नास वेळा घेता येईल. रेणुका, पाणी आण. रेणुका, दिवा लाव. रेणुका, जेवलीस का? कुणी अडवणार नाही, कुणाला कळणार नाही.

हे मी मुकुंदाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. सांगितलं असतं तर तिनं ते नाव जन्मभर मिरवलं असतं, कागदावरसुद्धा चढवलं असतं, तशीच होती ती. पण मग ते मागितल्यासारखं झालं असतं. सासू मागत नाही, देते. मी तिला नाव दिलं होतं. ते तिनं अर्धं घेतलं, हा राग मी पंधरा वर्षं धरून बसले, आणि तो राग कशाचा ते तिला कधी कळलं नाही. एवढ्या वर्षांत तिलाही एक नाव होतं, तिच्या आईनं कुणाच्या तरी आठवणीनंच ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. कठड्याला धरून उभी असताना. आलं, आणि तरी तोंड उघडलं नाही.

पहिली गाडी आली. कळंबची, येरमाळ्यावरूनच जाणारी. तिच्यासमोर येऊन थांबली. कंडक्टरनं दारातनं मान बाहेर काढून काही विचारलं. तिनं मान हलवली. गाडी गेली, आणि ती तिथंच.

"गाडी भरलेली असेल," मी म्हटलं.

"रिकामी होती," रणदिवेबाई म्हणाल्या. "मी बघितली."

मी कठड्यावरची धूळ हातानं पुसली.

"गयाबाई, ती तुमच्यासाठी थांबलीय हो."

"मला दिसतंय."

"मग?"

मग काय. ती एकदा वर बघायची आणि मी दुसरीकडं बघायचे. मी बघायचे तेव्हा ती पिशवीची घडी करत असायची. असा पाऊण तास. खाली जायला जिना अठरा पायऱ्यांचा. गुडघे दुखतात, पण तेवढे नाही. रणदिवेबाईंना शेवटी बसवेना, त्या आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आल्या. मी तो हातात धरला.

दुसरी गाडी आली. तिनं उठून साडीच्या निऱ्या झटकल्या. पायरीवर एक पाय ठेवून मागं वळली. या वेळेला मी नजर काढली नाही. लांब होतं, तोंड नीट दिसलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली. ती आत गेली, आणि गाडी गेली.

खुशाली विलासकडून कळत राहिली. पैठणनंतर जालना, मग निवृत्ती. विलासच्या मुलीच्या लग्नाला आली होती म्हणे, माझी चौकशी केली, मी कशी आहे आणि गुडघे कसे आहेत. त्यानं विचारलं, "भेटायला चलता का वहिनी?" ती म्हणाली, "त्या ओळखणार नाहीत." रागानं नाही म्हणाली, असं तो सांगत होता. साधं, गावाचं नाव सांगावं तसं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी गाडी वळणापलीकडं गेली, धूळ खाली बसली, आणि मी पाण्याचा पेला कठड्यावर ठेवून जिना उतरायला लागले. रणदिवेबाई मागनं म्हणाल्या, "अहो, आता कुठं?" अठरा पायऱ्या, मग फरशी, मग अंगणातली खडी. पायात चपला नव्हत्या.

फाटक बंद होतं. गज धरून मी उभी राहिले. रस्त्यावर कुणी नव्हतं, थांबा रिकामा होता. पेठेत गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारा आवाज होता माझा तेव्हा. सगळा लावला.

"उज्ज्वला!"

शेतातनं दोन बगळे उडाले. मी पुन्हा मारली, "उज्ज्वला! ए उज्ज्वला!"

इब्राहीम केबिनमधनं बाहेर आला. माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं असावं, कारण तो हळू आवाजात बोलला.

"आजी, जरा आधी मारायची ना हाक. गाडी गेली की."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "म्हणून तर मारली."